सरकीच्या तेलातली सायकल

२८ एप्रिल, सोमवार
आज परत लेट मार्क. महिन्यातला दुसरा. सातची एसटी आली आठला पाच कमी असताना, आणि वर कंडक्टर मलाच विचारतो, "ताई, एवढी घाई कसाले?" अरे बाबा, आठला माझी ड्युटी सुरू होते, नरडाण्याला, नऊ किलोमीटरवर!
कंपनीची गाडी आमच्या गावाला यायची तोवर ठीक होतं. चारच माणसं बसतात म्हणून ती बंद केली. साहेब आज स्पष्टच म्हणाले, "मॅडम, काम चांगलं आहे तुमचं. पण तुमची सहा महिन्यांची ट्रायल ३१ मेला संपते. एका महिन्यात तीन लेट मार्क झाले की फाइलला लागतात, मग माझ्या हातात काही राहत नाही."
बी.एस्सी. होऊन चोवीस वर्षं भाकरी थापल्या, तेव्हा कुठे लॅबमध्ये पाय पडला. पशुखाद्याची का असेना, लॅब आहे. ही नोकरी मला हवी आहे. इथे तरी खरं लिहावं: खूप हवी आहे.
हे सोडतात कधीकधी मोटरसायकलवर. पण साडेसातला डेअरीवर दूध घालायचं, म्हशी कोणाच्या भरवशावर टाकणार. स्कूटी शिकून झाली, पहिल्याच दिवशी गोठ्यात घुसवली. म्हैस अजून माझ्याकडे तशीच बघते.

३० एप्रिल, बुधवार
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. रजा. सकाळच्या पॅसेंजरने अमळनेर, माहेरी. रस-पोळी अंगावर येईपर्यंत खाल्ली. निंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी आल्या होत्या. गाणी अर्धी विसरले.
दुपारी मागच्या खोलीत पाणी प्यायला गेले, तर कोपऱ्यात चादरीखाली माझी रेसर! वाकड्या हँडलची. कॉलेजात याच सायकलवर जिल्ह्यात तिसरी आले होते. मला वाटत होतं, कधीच भंगारात गेली असेल.
नानाभाऊ (माझा थोरला भाऊ, पस्तीस वर्षं ऑइल मिलमध्ये, आता रिटायर) मागे येऊन उभा राहिला. "दर दसराले पुसस, पूजा करस, तेल देस," म्हणाला. चोवीस दसरे! आणि मला कधी बोलला नाही.
पायडल मारून पाहिलं. हलेना. "जराशी जड व्हयी गयी," म्हणाला, स्वतःच अपराधी असल्यासारखा.
मनात एकदम आलं: नऊ किलोमीटर म्हणजे आहे किती?

१ मे, गुरुवार
सायकल घरी आणली. आंब्याचा टेम्पो इकडेच येत होता, नानाभाऊने स्वतः उभं राहून दोरीने बांधून दिली. इथे यांनी बघितल्याबरोबर, "भंगारनं दुकान टाकं का काय?" हसू दे. मी कशासाठी आणली ते सांगितल्यावर हसायचे थांबले. मग बराच वेळ माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.

३ मे, शनिवार
ड्युटी सुटल्यावर घरी येऊन परत नरडाणा बाजारात, हिरामण मिस्तरींकडे. (सायकल पोचवली कशी, तर हे मोटरसायकलवर पुढे, मी मागे, सायकल माझ्या खांद्यावर. अख्ख्या रस्त्याला फुकटचा तमाशा.) मिस्तरी सत्तरीचे. दुकान म्हणजे लिंबाखाली पत्रा.
मिस्तरी चाक फिरवायला गेले, फिरेना. चेन लाकडासारखी ताठ. नखाने खरवडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "सरकीनं तेल! कोनी टाकं हाई? तेल कसानं, डिंक व्हयी गया."
मी म्हणाले, माहीत नाही. खोटं.
हब (चाकाचा मधला तुंबा), मागचं फ्रीव्हील, पायडलचा आस, सगळं जाम. म्हणाले खोलावं लागेल, पण तूच खोल. "मना डोया आते काम करतस नही. मी सांगसू, तू कर." मला वाटलं होतं सायकल टाकायची आणि आठ दिवसांनी न्यायची.

४ मे, रविवार
दर रविवारी दहाच्या सुमारास नानाभाऊचा फोन येतो. आज आला, आणि पहिलाच प्रश्न सायकलचा: "गाडी चाली राह्यनी ना?"
ऊन ४४. पाठ भरून आलेली. हातातून डिंकाचा वास जात नव्हता. आणि माझी जीभ, ती तर काय, माहेरीही प्रसिद्ध. म्हटलं, "तेल खावानं ऱ्हास नानाभाऊ, सायकलले पाजानं नही ऱ्हास! चोवीस वरीस काय करं तू हाई?"
मग म्हणाला, "मनी चूक व्हयनी, पुष्पा." फोन ठेवला.
साठ वर्षांचा भाऊ मला चूक झाली म्हणतो. लगेच परत फोन करायला हवा होता. केला नाही.

७ मे, बुधवार
लेट मार्क (आता नुसतं ले.मा.). मेमधला पहिला. एसटी आलीच नाही, वडापच्या जीपमध्ये पाय बाहेर ठेवून गेले.
संध्याकाळी तासभर मिस्तरींकडे. पायडलच्या दांड्याची खीळ, कॉटरपिन, निघेना. "मारू नको, समजाड तिले," म्हणाले. समजावत बसले हातोडीने. शेवटी निघाली, त्याबरोबर अंगठ्याचं नखही. मिस्तरींनी चहा पाजला आणि म्हणाले, आता तू पक्कं गिऱ्हाईक झालीस.

११ मे, रविवार
दहा वाजले. अकरा वाजले. फोन नाही.
ह्यांनी विचारलं, आज नानाभाऊंचा फोन? म्हटलं, झोपला असेल. नानाभाऊ आयुष्यात कधी दिवसा झोपलेला नाही.

१३ मे, मंगळवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
मिस्तरींनी चुलीवर पातेलं ठेवलं, पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, उकळलं, त्यात हबचे कप आणि कोन (ज्यांत छर्रे फिरतात त्या वाट्या), आस, चेन, सगळं सोडलं. पाऊण तासाने चिमट्याने एकेक वर काढून चिंधीने पुसायला मला दिलं. पहिला कप पुसला. आत लख्ख! दुसरा, तोही. आसावर गंजाचा ठिपका नाही. चेनसुद्धा कडी कडी मोकळी.
मिस्तरींनी बोट फिरवून पाहिलं, डोळ्यांपेक्षा त्यांचा बोटांवर विश्वास. मग मागून एक तसलीच जुनी रेसर काढून दाखवली. कोणीतरी धुऊनपुसून, पण कोरडी ठेवलेली. आस हातात मोडला.
"जेनी तेल टाकं, त्याना पाय धर," म्हणाले. "जाम करी, पन जित्ती ठेवी."
मी रोज लॅबमध्ये काय करते? सरकीच्या पेंडीतलं तेल मोजते. पातळ थर हवेत राहिला की हे तेल सुकतं, वॉर्निशसारखं होतं, आतल्या लोखंडाला हवा लागू देत नाही, हे मला पाठ आहे. परीक्षेत लिहिलंय. आणि भाऊ करतो तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. धन्य माझी केमिस्ट्री.

१४ मे, बुधवार
फोन लावला. वहिनीने उचलला. "ते बोलत नहीत पुष्पाताई. काय म्हनना तुम्ही त्यास्ले? मिलमधल्या जुन्या मानसास्ले इचारत फिरी राह्यनात, सायकलले कोनतं तेल देतस." ऐकून मला धड बसवेना. हे फोनवर बोलायचं काम नाही. रविवारी जायचं.

१८ मे, रविवार
अमळनेर. एक कप आणि एक कोन रुमालात बांधून नेला होता. नानाभाऊ ओट्यावर. "ये," म्हणाला, एवढंच.
रुमाल सोडून त्याच्या हातात ठेवला. म्हटलं, "बघ. चोवीस वरीसनं शे हाई. तू तेल टाकं म्हनीसन वाचनं." अंगठ्याने घासत राहिला. मग म्हणाला, "माले वाटनं, मीच मारी टाकी तिले."
मी रडले. तोही. वहिनीने चहा आणला आणि आमच्याकडे बघून परत नेला.
मग त्याने सांगितलं. माझ्या लग्नात सायकल बरोबर द्यायची होती त्याला. माझे सासरे म्हणाले होते, सून काय रेस खेळायला आणतोय का? नानाभाऊने ती मागच्या खोलीत नेऊन ठेवली. घरात सगळे म्हणायचे, विकून टाक. "मी म्हनं, नही. ती मांगी, एक ना एक दिन." दर दसऱ्याला तेल देताना वाटायचं, यंदा तरी फोन येईल.
मी कधीच मागितली नाही. मला वाटायचं मी विसरलेय.
नानाभाऊ, तुझं हे ऋण माझ्याकडून फिटायचं नाही. तोंडावर म्हणता आलं नाही, म्हणून इथे.

२० मे, मंगळवार
ले.मा. दोन. एसटी पंक्चर. आता पुढचे अकरा दिवस एकही चालणार नाही. साहेबांनी नुसतं कॅलेंडरकडे बघितलं.
आणि सायकलला टायर नाहीत! या मापाचे आता कोणी ठेवत नाही. धुळ्यात तीन दुकानं पालथी घातली, एक जण तर म्हणाला, ताई, नवी घ्या की.

२२ मे, गुरुवार
हे काल सकाळी "बियाणं बघून येतो" म्हणून जळगावला गेले आणि संध्याकाळी दोन टायर गळ्यात हारासारखे घालून एसटीतून उतरले. कुठल्याशा जुन्या दुकानाच्या माळ्यावर मिळाले. बियाणं आणलंच नाही. आज जेवायला कळण्याची भाकरी आणि ठेचा केला, त्यांना आवडतो तसा. त्यांना समजलं.

२४ मे, शनिवार
जुळून बसली सायकल! मिस्तरींनी हबला पेचकस टेकवला, त्याची मूठ कानाला लावली, मला म्हणाले चाक फिरव. डोळे मिटून ऐकत होते. "अजून पाव पाना. बस." फिरवलं की फिरतच राहतं.
रेसरला मडगार्ड, डब्यासाठी कॅरिअर, घंटी. कॉलेजातल्या मैत्रिणी बघतील तर म्हणतील, हिचं पण लग्न लावलं का. ब्रेक नवे. ग्रीस घातलं, तेल नाही.
मिस्तरी म्हणाले, "आते बिघडनी ते माले नको सांगू, तूच कर." मला त्यांनी सायकल दुरुस्त करून दिली नाही, ती मलाच करायला लावली. हे किती मोठं दिलं, ते घरी येताना लक्षात आलं.

२६ मे, सोमवार
७:०५ ला निघाले. पंजाबी ड्रेस, सलवारीला चिमटा, डोक्याला ओला रुमाल. गावाबाहेर पडले तर मागे फटफट. हे! दुधाचा कॅन लावून. "तू चाल, मी नुसता मांगे मांगे येस." दोन किलोमीटर तशी वरात. शेवटी उतरून सांगितलं, दूध नासेल, जा. तरी वळून बघत बघत गेले.
चढावर फेफे उडाली. दोनदा उतरले. पण उतारावर... काय लिहू. हँडलच्या वाकात हात आपोआप गेले. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, हे मांड्या सोडून सगळं शरीर विसरलं होतं.
७:४८ ला कंपनीच्या गेटवर. वॉचमन: "मॅडम, ही तुमनी शे का?" म्हटलं, हो, माझीच.

२७ मे, मंगळवार
गुडघे. जिना उतरताना आई गं. मिस्तरींनी सीट दोन बोटं वर घ्यायला लावली. ७:४४.

२९ मे, गुरुवार
वावधूळ. समोरून वारा, डोळ्यांत माती, आणि बाभळीपाशी चेन पडली. घड्याळात ७:३१, पुढे साडेतीन किलोमीटर. पहिल्यांदा रडूच आलं. मग मिस्तरींचा आवाज ऐकल्यासारखं: मारू नको, समजाड. मागचं चाक सैल केलं, चेन बसवली, चाक ओढून सरळ केलं, आवळलं. हात कोपरापर्यंत काळे.
७:५८. साहेब गेटवरच उभे. माझ्या हातांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आत गेले. दोन मिनिटं!

३१ मे, शनिवार
७:३९.
अकराला साहेबांनी बोलावलं आणि पत्र दिलं. एक जूनपासून कायम. तीनदा वाचलं, उभ्यानेच. नानाभाऊला फोन केला. "बरं व्हयनं," म्हणाला आणि फोन वहिनीकडे दिला. मिस्तरींना पेढे दिले. ह्यांनी गोठ्यात जाऊन म्हशीलाही एक चारला. देवा, किती माणसांनी मिळून मला त्या गेटपर्यंत पोचवलं.
पण साहेब पत्र देताना आणखी एक बोलले. "तुमच्यासाठी आनंदाची बातमी. गाडी सोमवारपासून परत सुरू करतोय, तुमच्या गावाहून आता नऊ माणसं झाली. आणि गाडीला उशीर झाला तर लेट मार्क लागत नाही. सायकलने झाला तर मात्र तुमचा तुम्हाला."
मी थँक्यू म्हणाले. केबिनबाहेर आले आणि कोणी काही काढून घेतल्यासारखं वाटलं. वेडीच आहे. दीड महिना याच गाडीसाठी देवाला हात जोडत होते.
दुपारी गाडीत बसणाऱ्यांची यादी आली. नाव लिहायचं, सही करायची. पेन हातात घेतलं, मग म्हटलं, जेवण झाल्यावर लिहिते. जेवणानंतर शिपाई परत आला. म्हटलं, सोमवारी. हे म्हणतात, पुढे पाऊस आहे, गुडघे आहेत, बस गाडीत गुपचूप. नानाभाऊला विचारलं, तर म्हणतो, "तुनी मर्जी," आणि हसला.
सगळे खरंच बोलतायत. गाडी चौकात ७:२० ला येते. सायकलने जायचं तर ७:०५ ला निघावं लागतं. सोमवारी त्या पंधरा मिनिटांत मी कुठे असेन, माझं मलाच सांगता येत नाही.