बंदुकीखालची पाटी

५ फेब्रुवारी, सकाळ
...तर त्या सकाळी ह्यांनी आधी पाणी भरलं, दूध तापवलं, केर काढला, माझ्या उशीचा अभ्रा बदलला आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिच्यावर बंदुकीचं लाकूड ठेवलं. मी पलंगावरून देखरेख करत होते. मला तेव्हा थोडं बरं नव्हतं. थोडंच. सात महिने. पण घर देखरेखीवरच चालतं. ‘कोपऱ्यात केर राहिला’ म्हटलं की हे लाकूड खाली ठेवून कोपरा झाडून येत. मग हाताला जवसाचं तेल लावून पुन्हा चोळत बसत. रोज एक हात, पातळ. घरभर तो वास.

हे आठवायला कारण आहे. हे पलटणीच्या शस्त्रागारात एकतीस वर्षं मिस्त्री होते. जाऊन चौदा महिने झाले. त्या शस्त्रागाराचं आता म्युझियम केलंय. काल पाहून आले. ती बंदूक काचेत उभी आहे. अडीचशे वर्षांची, लाकडी दस्ता मानेत मोडलेला, तो ह्यांनी असा सांधला की सांधा सापडत नाही. खाली पाटी आहे. ‘दुरुस्ती’, आणि पुढे मिशीचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट!

मिशी म्हणजे तिथला तेव्हाचा भांडारप्रमुख. आता म्युझियम तोच सांभाळतो. ह्यांचा मित्र म्हणवत असे. आयुष्यात एक खिळा सरळ ठोकला नाही त्याने.

सूड घ्यायचा. मी अगदी शांत आहे. (पेनाचं टोक मोडलं ते पेन जुनं होतं म्हणून.)

६ फेब्रुवारी
लायब्ररीतून सूडावरच्या तीन कादंबऱ्या आणल्या. पहिलीत शेवटी सगळेच मरतात. दुसरीत नायक वीस वर्षं दबा धरून बसतो. मला दबा धरून बसलं की उठता येत नाही. तिसरीचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय. त्यालाही बघून घेईन.

संकल्प: मिशीला ‘भाऊजी’ म्हणायचं बंद. आजपासून.

९ फेब्रुवारी, दुपार
गेले. सोमवारी बंद असतं.
शत्रूला गाफील ठेवायचं तर अशी एक फेरी फुकट घालवावीच लागते.

१० फेब्रुवारी
वन्संना बरोबर नेलं. साक्षीदार हवा. बेत असा: काचेपुढे उभं राहायचं, आणि चार माणसं जमली की खणखणीत आवाजात म्हणायचं, ही पाटी खोटी आहे.

माणसं जमली. एका शाळेची सहलच आली होती. मी घसा खाकरला. तेवढ्यात मिशी स्वतः खुर्ची घेऊन आला. म्हणाला, वहिनी, उभ्या का? गुडघा कसा आहे? माझ्या तोंडून ‘बरा आहे, भाऊजी’ निघून गेलं. सवय. मग बसले. बसल्या जागेवरून कुणाला खोटारडा म्हणता येत नाही, आवाज पोटातून निघत नाही.

चहा आला. घेतला. नाही म्हटलं असतं तर सावध झाला असता. वन्संनी माझ्या कानात विचारलं, तुझा सूड साखर किती घेतो गं?

वन्संना पुन्हा न्यायचं नाही.

१३ फेब्रुवारी
म्युझियमच्या दारात अभिप्रायाची वही आहे. आज तिच्यात सगळं लेखी उघडं पाडायचं ठरवून गेले. मजकूर घरून पाठ करून नेला होता. पण माझ्या मागे रांग लागली, आणि एक बाई खांद्यावरून वाचायलाच लागली. म्हणून फक्त ‘जिन्याला कठडा नाही, वयस्कर माणसांचे हाल होतात’ एवढंच लिहिलं. खोचक आहे. समजणारा समजेल.

१८ फेब्रुवारी
पुराव्याशिवाय काही खरं नाही. ह्यांची रीत मला माहीत आहे. काम झालं की दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी काढायची, आतल्या लाकडावर तीन आडव्या रेघा कोरायच्या आणि पट्टी पुन्हा बसवायची. कुणाला दिसत नाही. मी विचारलं होतं, मग उपयोग काय? तर म्हणाले, लाकडाला ठाऊक असलं म्हणजे झालं. अशा माणसाशी संसार केला मी.

ह्यांचा छोटा स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकून गेले. गेटवरच्या शिपायाने काढून घेतला. आत भिंतीभर दोनशे तलवारी, आणि धोका कशाचा, तर माझ्या स्क्रूड्रायव्हरचा! मी बोलले तसं. तो म्हणाला, आजी, तलवारी आतल्या आहेत, हा बाहेरून येतोय. टोकन दिलं.

आत जाऊन काचेपुढे अर्धा तास बसले. दस्त्यावर जरा धूळ आहे. काचेला आतून बुरशीचा ठिपका आहे. शत्रूच्या ढिलाईची नोंद ठेवली पाहिजे.

परत येताना स्क्रूड्रायव्हर घ्यायला विसरले.

१९ फेब्रुवारी
स्क्रूड्रायव्हर आणायला गेले. आलेच होते म्हणून आत गेले. अर्धा तास.

२१ फेब्रुवारी
जिन्याला कठडा लागला. मिशीने हात धरून नेऊन दाखवला. म्हणाला, वहिनी, तुमच्यामुळे झालं. चार लोकांनी माझे आभार मानले. हा माणूस फार कावेबाज आहे.

२४ फेब्रुवारी
आता बास. मुख्यालयाला कंप्लेंट. दोन पानं, सुवाच्य. वन्सं म्हणाल्या, आधी त्याला विचार तरी, पाटी अशी का म्हणून. एका माणसाला विचारायला काय जातं? मी म्हटलं, सूडात विचारपूस नसते. वन्सं म्हणाल्या, तुझ्या सगळ्याच कामांत नसते.

रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. बऱ्याच महिन्यांनी दुपारी झोप छान लागली.

२ मार्च
उत्तर नाही. दप्तरदिरंगाई.
दरम्यान म्युझियमला चार वेळा जाऊन आले. पाळत. शिपाई आता पर्स उघडत नाही, नुसता ‘या आजी’ म्हणतो. सुरक्षाव्यवस्था अशी असते का कुठे?

९ मार्च
आलं! शिक्क्याचं पाकीट! साहेबाने लिहिलंय, बाब गंभीर आहे. आपल्या पतीने सदर काम कधी, कोठे व कोणासमक्ष केले ते लेखी कळवावे, चौकशी करण्यात येईल.

जिंकले. वन्संना फोन करून वाचून दाखवलं. दोनदा.

उत्तर एकटाकी लिहून काढलं. काम आमच्या स्वयंपाकघरात झालं. सात महिने. माझ्या डोळ्यांदेखत. शस्त्रागारातून लाकूड चादरीत गुंडाळून, सायकलच्या दांडीला बांधून हे स्वतः घेऊन आले. मी साक्षीला आहे. शेवटी असंही घातलं, की पत्नीचं मार्गदर्शन वेळोवेळी लाभलं. पाटीवर जागा असेल तर बघावं.

पोस्टात टाकायच्या आधी मिशीला नेऊन दाखवणार. तोंड कसं होतं ते पाहायचंय. कादंबरीत हेच प्रकरण सगळ्यात छान असतं.

१४ मार्च
परवाचं लिहायचं राहिलं. दोन दिवस वही उघडली नाही.

परवा गेले. मिशीला कागद दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग माझ्यासाठी आणलेल्या खुर्चीवर स्वतःच बसले. सायकलच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, वहिनी, हे त्यांना कळवू नका.

मी म्हटलं, घाबरलात ना?

म्हणाले, हो. पलटणीच्या शस्त्राचा तुकडासुद्धा विनापरवाना गेटबाहेर गेला की ती चोरी. नुसतं लाकूड असलं तरी. ते सात महिने मी रोज रजिस्टरात लिहीत होतो, वस्तू आत आहे, काम चालू आहे, काम मी करतोय. खाली माझी सही. गेटवर त्याची हजेरीच नव्हती, त्याचं नाव कसं घालणार? पाटी त्या रजिस्टरावरून झाली. मला सांगून नाही केली. हा कागद गेला तर मला घरी पाठवतील, माझं काय, मी पिकलं पान. पण पाटीऐवजी त्याच्या नावावर चोरी लागेल. मेल्यावर.

मी म्हटलं, दस्त्याच्या आत ह्यांची खूण आहे. ते म्हणाले, तीन रेघा. माहीत आहे. म्हणून तर ती बंदूक मी कुणाला उघडू देत नाही.

मला राग आवरेना. मी म्हटलं, मग नेऊ कशाला दिलंत घरी? इथे बसून झालं नसतं काम?

ते मिशी चोळत म्हणाले, तुम्हाला उठवत नव्हतं वहिनी. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याची रजा संपली होती. रोज दुपारी शस्त्रागारात बसून घड्याळ बघायचा. म्हणायचा, तिला पाणी द्यायला घरात कुणी नाही. मीच एकदा म्हटलं, असलं काही काम शोध, की जे घरी बसून होईल, बाकीचं मी बघतो. त्याने सगळ्यात जास्त वेळ लागेल असं काम शोधलं. खरं म्हणजे दीड महिन्याचंच होतं ते.

मी विचारलं, मग सात महिने कसे?

म्हणाले, तुम्ही उठेपर्यंत त्याने ते संपवलं नाही.

चहा आला तो घेतला. घरी येऊन टेबलाशी बसले. वन्संचा फोन आला, झालं का तोंड पाहून? म्हटलं, झालं.

मुख्यालयाला उत्तर तर द्यायलाच हवं होतं. गप्प बसले असते तर चौकशीवाले स्वतः आले असते, पट्टी उघडून रेघा पाहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेले आणि साहेबाला लिहून पाठवलं, की ती बंदूक माझ्या नवऱ्याने कधी हातातसुद्धा घेतलेली नव्हती, वयोमानामुळे मला चुकीचं आठवलं, पाटीवरचं नाव बरोबर आहे.