आवारात कांदा आणू नये

सोमवार, ६ जानेवारी
रेणापूरहून निघाले, तीनला देगलूरला उतरले. कुत्र्यांचं संशोधन केंद्र गावाबाहेर, उदगीर रस्त्याला. खोलीत कॉट, टेबल, खिडकीशी लिंबाचं झाड. मला सगळंच आवडलं! फिट येणारी आठ कुत्री इथं संशोधनासाठी ठेवली आहेत. फिट कधी आली, किती सेकंद टिकली, आधी आणि नंतर कुत्रं कसं वागलं, हे वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. डॉक्टर वीरेश हे माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या ओळखीचे, म्हणून मुलाखतही झाली नाही. सातवीपर्यंत मी शाळेत गेले नाही, तब्येत नाजूक म्हणून अप्पांनीच घरी शिकवलं, हेही त्यांना माहीत होतं. अप्पांचा नियम : पाहिलं तेवढंच लिहायचं, लिहिलेलं खोडायचं नाही. डॉक्टर म्हणाले, अशीच मुलगी हवी होती.
आईने, आमच्या अव्वाने, ताकदीच्या गोळ्यांची डबी दिली आहे. लहानपणापासून रोज संध्याकाळी एक घेते. भारी कडू.

बुधवार, ८ जानेवारी
आज भुऱ्याला फिट आली. बहात्तर सेकंद. वेळ चुकवली नाही. शांतम्मा स्वयंपाक करते, कुत्र्यांनाही तीच खाऊ घालते. ती फोडलेला कांदा घेऊन पळत आली, भुऱ्याच्या नाकाला लावायला. डॉक्टर ओरडले. कांदा कुत्र्यांना विषारी असतो, फाटकावर पाटी लावलीय ती काय शोभेला, म्हणाले. त्यामुळे आमच्या आमटीतही कांदा नसतो. शांतम्मा पुटपुटली की माणसाला चालतंय अन् कुत्र्याला न्हाई, लईच नाजूक कुत्री बाई तुमची.
डॉक्टरांनी मला नीट समजावलं. चार कुत्र्यांना खरं औषध, चार जणांना तशाच दिसणाऱ्या खडूच्या गोळ्या. कोणाला काय, ते त्यांनाच ठाऊक.

शनिवार, ११ जानेवारी
काल डॉक्टरांनी माझी डबी तपासायला नेली होती, आज परत दिली. गोळी आता कडू लागत नाही. हवेने उतरली असेल.

गुरुवार, १६ जानेवारी
दुपारी दोनला मी भांडी विसळत होते. त्यानंतर एकदम कॉटवर. केस ओले, जीभ चावलेली. शांतम्मा म्हणाली, यव्वा, ऊन लागलं तुला. जानेवारीत?
उशीला कांद्याचा वास येतो आहे. आवारात कांदा आणायचा नाही. मग आणला कोणासाठी?

शनिवार, १८ जानेवारी
परवाच्या दिवशी भांडी विसळायच्या आधी भुऱ्याने माझ्या गुडघ्यावर नाक टेकवलं होतं, ते आज आठवलं. हाकललं तरी हलला नव्हता. बाकीची कुत्रीही भुंकायची थांबून माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, किती मिनिटं आधी? आणि लिहून घेतलं. वहीत नाही, दुसरीकडे कुठेतरी.

सोमवार, २० जानेवारी
अव्वाला फोन केला. विचारलं, या गोळ्या कसल्या? तिने अप्पांना हाक मारली. मग अप्पांनी फोन घेतला. लहानपणी चक्कर यायची तुला, बाकी काही नाही, डॉक्टर सांगतात तसं कर, म्हणाले. कशी आहेस, हे विचारलं नाही.

बुधवार, २२ जानेवारी
डॉक्टर नांदेडला गेले होते. शाई घ्यायला त्यांचा खण उघडला. आत दुसरी वही. आठ पानं आठ कुत्र्यांची. नववं पान —
क्रमांक ९. मादी. वय २३. वजन ४७ किलो. खडू.
१६ तारीख, ९४ सेकंद. १९ तारीख, ११० सेकंद. २१ तारीख, १५० सेकंद.
खाली मालकाची संमती. सही अप्पांची. शेवटचं अक्षर असं वळवून फक्त तेच काढतात.
माझ्या रोजनिशीत १९ नाही. २१ नाही. न लिहिलेले बाकीचे दिवस आठवतात, पण त्या दोन दिवशी काय केलं, काहीच आठवत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी
शांतम्माला विचारलं. रडली. म्हणाली, पोरी, तुझं रोज वाढूनच राहिलंय, एकदा उठायची न्हाईस. तुझ्या खऱ्या गोळ्या डॉक्टरच्या कपाटात हायत. उद्या चारला आणून देते, पाचच्या गाडीनं जा. तिच्या पदराला कांद्याचा वास होता. भरवसा ठेवावा का? दुसरं आहेच कोण.

शुक्रवार, २४ जानेवारी
३.५० — पिशवी भरली. शांतम्मा नाही.

४.०२ — कुत्री भुंकत होती. आता गप्प. सगळी.

४.०५ — भुऱ्या आत आला. नाक गुडघ्यावर — नको, भुऱ्या, आज नको —

४.०७ — कांद्याचा वास. दारात शांतम्मा. एका हातात कांदा. दुसरा हात रिकामा. माझ्याकडे बघत नाही. मागे डॉक्टर, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. बटण अजून दाबलेलं नाही. वाट बघतात —

पाहिलं तेवढंच लिहायचं.
क्रमांक ९. वेळ ४.०९. उजवा अंगठा आपोआप वळ