अकरा वर्षं न टेकलेली पाठ

ता. ३ ऑगस्ट १९२६
नाव देऊन आलो. दसऱ्याआधी आमच्या लष्कर मोहल्ल्यात ज्युडोचे सामने आहेत. जपानी मास्तर दीड महिना शिकवणार, मग लढती. कुस्तीतला माझा जुना प्रतिस्पर्धी येसाजीरावही उतरणार, म्हणजे मला घरी बसणं शक्यच नाही. गरडीत — आमच्या तालमीत — अकरा वर्षं माझी पाठ कुणी मातीला लावलेली नाही. जपानी झाली तरी शेवटी कुस्तीच की!

ता. ५
कुस्ती नव्हे. अंगाला तेल नाही, माती नाही, लंगोटावर उतरणं नाही. जाड अंगरखा घालायचा आणि एकमेकांची गचांडी धरायची. आमच्यात हे भांडणात करतात.
नियमांचा कागद इंग्रजीत. आमच्या कचेरीतल्या, सोसले गावच्या व्यासराजने वाचून दाखवला. लढतीआधी नमस्कार, नंतरही नमस्कार. ठोसा नाही. पाठीवर नीट आपटलं की लढत तिथेच संपली. जमिनीवर अर्धं मिनिट दाबून धरलं तरी संपली. गळा आवळला गेला तर हाताने दोनदा थापटायचं, म्हणजे समोरचा सोडतो. "आणि नाही थापटलं तर?" मी विचारलं. व्यासराजने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

ता. ७
पहिला धडा काय असावा? पडायचा! मास्तर स्वतः हाताने चटई बडवत वीस वेळा पाठीवर पडला आणि हसत उठला. मग मला खूण केली. मी हललो नाही. अप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचं वाक्य कानातून जात नाही — पाठीला माती लागली तर घरी येऊ नकोस.
मास्तरने व्यासराजकरवी सांगितलं, पडता येत नाही तोवर यादीत नाव नाही. सगळ्यांदेखत पडलो तर तोंड कुठे दाखवू? नाही पडलो तर येसाजी म्हणेल, भ्याला. इकडे आड, तिकडे विहीर.

ता. ८
जेवण गेलं नाही. तुंगाने कारण काढून घेतलंच. बायकोपासून एखादी गोष्ट लपवावी म्हटलं, तर हिला सगळं कळतं.

ता. १०
तिचा उपाय — दार लावून घरी पडायचं. तंबूच्या कापडाचा अंगरखा शिवला, माजघरात तीन गाद्या घातल्या आणि माझी गचांडी धरली. "अय्यो, पडा की. मी काय कुणाला सांगते? तुमची पाठ म्हंजे काय देवाची मूर्ती का?"
पडलो. डोळे मिटून. आई तिथेच शेंगा सोलत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

ता. १९
शंभरावर वेळा पडून झालं. तुंगाला भलताच हुरूप आलाय. आज कॉफी द्यायला आली आणि पायात पाय घालून मला पाडलं. कॉफी मात्र सांडली नाही.

ता. २२
मास्तरपुढे पडलो. सगळे बघत होते. छप्पर कोसळलं नाही. नाव यादीत.

ता. २६ सप्टेंबर
पहिलीच लढत येसाजीशी. नमस्कार केला. त्याने गचांडी धरली, मी त्याची कंबर हेरली, आणि पुढचं दिसलं ते मंडपाचं छत. संपलं. पण पडलो काय सुरेख! हात असा वाजला की मागच्या रांगेतले उठून उभे राहिले. मास्तरने मान डोलावली.
बाहेर येईपर्यंत ठीक होतं. घराच्या कोपऱ्यावर पाय अडले. हनुमंताच्या देवळाच्या पायरीवर तासभर बसून राहिलो. चाळिशीचा घोडा, आणि रडलो. इथे लिहायला हरकत नाही.
शेवटी तुंगा शोधत आली. "बन्नी, या की, घरी चला. आईंनी पाणी तापवलंय."

ता. २७
काल आईने स्वतः माझी पाठ चोळली, लहानपणीसारखी. म्हणाली, "तुझी तर स्वच्छच आहे रे. तुझ्या अप्पांची धुवायला चार घागरी लागल्या. हुणसूरच्या जत्रेतल्या कुस्तीत पडले, तर लाजेनं तीन दिवस घरी आले नाहीत. तू पाळण्यात होतास. मीच जाऊन आणलं."