चौथी पासची दवंडी

बाबा, आज मी दवंडी दिली. डफडं नव्हतं, गावही नव्हतं. तुमच्या पणतीने, माझ्या नातीने, शहरातल्या एका मोठ्या खोलीत अंधार करून छताला जुने कर्णे टांगले आहेत आणि प्रत्येक कर्ण्यातून एकेक आवाज येतो. अमेरिकेकडच्या बेटांवरच्या काळ्या माणसांचे आवाज. मोठ्या लढाईत ती माणसं विलायतेला गेली, तिथून रेडिओवर बोलली, आणि त्यांची नातवंडं आता ते आवाज मिरवतात. चित्र नाही, पुतळा नाही, नुसता आवाज. बाकीचे लोक माना खाली घालून ऐकत होते. मी मान वर करून बसले, कारण असा आवाज मी लहानपणीच ऐकला होता, तुमच्या शेजारी उभी राहून.

तुम्ही सकाळी पाटलांकडे हुकूम घ्यायला जायचात, तेव्हा डफडं शेकायचं काम माझं. ओट्यापासून लांब काडीकचरा पेटवून मी चामडं तापवायचे. ओट्यावर पाय ठेवायची आपल्याला बंदी. तुमचा आवाज मात्र थेट पाटलांच्या माजघरात जायचा, त्याच्यावर कोणी गोमूत्र शिंपडलं नाही. त्या सकाळी पाटील नव्या रेडिओचा काटा फिरवत होते आणि मधेच एक जाड, हसरा आवाज लागला. तुम्ही खालूनच विचारलंत, "कोण बोलून राह्यलं हो मास्तर?"

शाळेचे मास्तर ओट्यावर चहा पीत होते. म्हणाले, "काळे लोक हायेत, दूर बेटावरचे. हा आपल्या मायले सांगून राह्यला, मी बरा हाय म्हणून."

"कोणाच्या हुकमानं?"

"हुकूम नाही रे. त्याचा सोताचाच निरोप हाय."

जन्मभर तुम्ही दुसऱ्यांचेच निरोप ओरडलात. हरवलेली म्हैस, साहेबाचा दौरा, धाड गावच्या बाजारात गुरांना लस टोचायचा दिवस. त्यात आपलं काही नसायचं.

मग माझा निकाल लागला. त्या दिवशी हुकूम होता, उद्या तहसीलदार येणार, आपापलं दार झाडून ठेवा. तुम्ही तो चौकाचौकात सांगितलात, जरा थांबलात, डफड्यावर पुन्हा थाप मारलीत आणि म्हणालात, "ऐका हो ऐका. माही लेक चौथी पास झाली. माह्या घरची लेक."

संध्याकाळी पाटलांनी बोलावलं. "काऊन बे, डफडं तुह्या बापाचं हाय का?"

"डफडं गावाचं हाय, पाटील. गळा माहा हाय."

डफडं गेलं. सुगीला खळ्यावरचा वाटाही मिळाला नाही. तुम्ही मलकापूरला कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला लागलात आणि कापसाच्या तुसाने तो गळाही बसत गेला. आई म्हणायची, एका वाक्यापायी घर बुडवलं. मला तेव्हा तिचंच खरं वाटायचं. आता वाटत नाही. ते वाक्य तुम्ही गिळलं असतंत, तर मी पुढे शिकलेच नसते. सगळ्या गावाने ऐकलेली पोरगी शेण गोळा करायला परत कशी जाणार?

आज तिथे एक कर्णा रिकामा होता. नात म्हणाली, पणजोबांचा आवाज कुठे जपलेलाच नाही, म्हणून तो मुका ठेवलाय. मला राग आला. मुका कशाला? मी उभी राहिले आणि तुमच्या चालीवर सुरू केलं, "ऐका हो ऐका. माह्या बापानं एकदा सोताच्या घरची दवंडी देली." कोणीतरी म्हणालं, आजी, जरा हळू. मी आवाज आणखी वर लावला. नातीने तोच आवाज त्या कर्ण्यात भरला आहे.

हे पत्र मी ट्रंकेतच ठेवणार आहे, कारण एक गोष्ट मला तुमच्या तोंडावर सांगता आली नाही. शेवटच्या दिवसांत तुम्ही घोगऱ्या आवाजात विचारलं होतंत, "त्या दिशी ऐकू आलं होतं का वं तुले?" मी म्हटलं, मी ओढ्यावर होते. तुम्ही 'बरं' म्हणून कूस वळवलीत. मी ओढ्यावर नव्हते, बाबा. शाळेच्या भिंतीआड होते. पोरी फिदीफिदी हसत होत्या आणि मी दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून धरले होते. तरी ऐकू आलं होतं.