हत्तीण देऊन टाकली

३ मार्च, सोमवार

गाडी देऊन टाकायची म्हणे! विकायची नाही — दान! ह्यांनी जेवता जेवता जाहीर केलं आणि वर पाणी मागितलं, जसं काही घडलंच नाही.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं — काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. "आजपासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही." तेव्हापासून हे नुसते खिडकीशी बसून असतात. मला वाईट वाटतं ना! कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या, घरी आल्यावर माझ्या काढल्या. पण गाडी चालवताना माणूस खूश असायचा. शिट्टी वाजवायचा.

म्हणून आज धीर करून म्हटलं, "मी चालवते की. लायसन्स आहे माझ्याकडे."

"नको," म्हणाले. "देऊनच टाकू."

म्हणजे परक्याच्या हातात चालेल. माझ्या नाही!

५ मार्च, बुधवार

दिवसभर मी दातांच्या लॅबमध्ये धुसफुसत होते. लोकांच्या कवळ्यांत दात बसवता बसवता स्वतःचे दातओठ खात होते. केसाएवढा उंचवटा माझ्या बोटाला कळतो. तीन डॉक्टर माझ्या हातच्या कवळीशिवाय दुसरी घेत नाहीत. आणि मी म्हणे गाडी घासणार!

हो, घासली होती. एकदा! नवी असताना, फाटकाच्या खांबाला. वीतभर ओरखडा. त्यावर हे सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "खांबच आडवा आला असेल हिला." सगळे हसले. मीही हसले — मूर्ख! त्यानंतर गाडीला हात लावला नाही. लायसन्सची मुदत मात्र वाढवत राहिले, न चुकता. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

लेकीला फोन केला. म्हणाली, "आई, तुला चालवायची आहे ना? मग भांड बाबांशी." म्हटलं, भांडता मला छान येतं गं. मागता येत नाही.

८ मार्च, शनिवार

गाडी बघायला संस्थेच्या मॅडम आल्या, सोबत त्यांचा मिस्त्री. ज्या रुग्णांना एकट्याने जाता येत नाही त्यांना ही संस्था दवाखान्यात नेते-आणते, फुकट. डायलिसिसवाले जास्त.

मिस्त्री म्हणजे वल्ली! बॉनेट उघडण्याआधी पाच मिनिटं नुसता गाडीभोवती फिरला. हायब्रिड आहे ना, अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर — सगळा जीव त्या बॅटरीत. ती थकली असेल तर भंगारात, असं त्याने आधीच सांगून टाकलं. यंत्र जोडून बसला. हे त्याच्या मागे उभे, पोराचा निकाल लागायचा असावा तसे.

"ठणठणीत!" म्हणाला. "चालवणाऱ्याने जपलीय हो."

काय फुलले हे! आणि खोटं कशाला लिहू, मलाही भरून आलं. सात सीटची गाडी. मुलं मागे भांडून भांडून झोपी जायची. हत्तीण हे नाव धाकट्याने ठेवलं — एवढी मोठी, आणि चालीचा आवाज नाही!

मॅडम म्हणाल्या, "आठवड्याला चाळीस माणसं जातील हिच्यातून." चाळीस! मग गाडी देण्याचा राग गेला. ह्यांच्यावरचा आहे तसा आहे.

१० मार्च, सोमवार

दिली. सह्या झाल्या, मिस्त्री बसला, बटण दाबलं, हत्तीण आवाज न करता कोपऱ्यावरून वळली.

ह्यांनी मला विचारलं, "फाटक लावू का आता?" गाडी आल्यापासून अकरा वर्षांत फाटकाबद्दल कधी विचारलं नव्हतं. मीच जाऊन लावलं.

१० मार्च — तासाभराने

अरे देवा! चावी माझ्या पर्समध्ये!

हे आमच्याच घरात होऊ शकतं. दुसरी चावी ह्यांनी गाडी घेतल्या वर्षीच हरवली. तेव्हापासून उरलेली चावी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. गाडीला चावी लावावी लागत नाही, जवळ असली की पुरे. त्यामुळे निघताना हे "चावी घे" म्हणायचेच नाहीत. "पर्स घे" म्हणायचे! आणि आज मी पर्स काखोटीला मारून गाडीच्या खिडकीशी निरोप द्यायला उभी. गाडी सुरू झाली आणि निघूनही गेली. वाटेत काहीतरी टीं टीं वाजत होतं, मिस्त्रीला वाटलं सीटबेल्टचं असेल. तिथे पोचून बंद केली. आता हत्तीण जागची हलेना!

फोनवर मॅडम बिचाऱ्या शांत होत्या. उद्या सकाळी साडेसातला पहिली फेरी आहे म्हणाल्या.

हे कपाळाला हात लावून बसले. मग हसले. गेल्या पंधरा दिवसांतलं पहिलं हसू! मीही हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो दोघं.

११ मार्च, मंगळवार

काय दिवस होता!

सकाळच्या पहिल्या बसने चावी घेऊन गेले. संस्थेच्या अंगणात तीन माणसं तयार होऊन बाकावर बसलेली. त्यांतल्या एक शिंपीणबाई. डायलिसिसला जायचं तरी ब्लाऊज कडक इस्त्रीचा. मी पाय धरायचे तेवढे बाकी होते. "तुमच्यामुळे खोळंबा झाला नाही हो," म्हणाल्या, "आम्ही लवकर येतो. घरी बसून काय करायचं?"

मी खिडकीशी उभी राहिले. मिस्त्रीने बटण दाबलं. हत्तीण लगेच जागी!

"गाडीला तुमची पर्स कळते, बाई," मिस्त्री म्हणाला. "तुम्हाला गाडी कळते का?"

आणि मी म्हटलं, "लायसन्स आहे माझ्याकडे." तेच वाक्य! घरी म्हटलं तेव्हा 'नको' आलं होतं. इथे मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. आम्हाला चालक कमी पडतात."

नियम असा — आधी अंगणात परीक्षा. मग दहा फेऱ्या मिस्त्री शेजारी बसणार. त्यानंतर एकटीने.

ह्यांना सांगितलं नाही. परत खांब आडवा आला म्हणतील. लॅबमध्ये काम वाढलंय म्हणून ठोकून दिलं.

१५ मार्च, शनिवार

पिंप पाडलं.

१६ मार्च, रविवार

काल लिहवलं नाही. अंगणात दोन रिकामी पिंपं ठेवून त्यांच्या मधून गाडी उलटी घ्यायची. डावं पिंप धाडकन आडवं! गडगडत पार नळापर्यंत गेलं. मला तो ओरखडा आठवला, ते हसणारे पाहुणे आठवले.

मिस्त्री हसला नाही. खाली उतरला, पिंप उभं केलं, परत येऊन बसला. "पुन्हा," म्हणाला. एवढंच.

पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा बरोब्बर मधून गेली! कवळी बसते तशी, खट्ट. मी ओरडलेच. वय वर्षं छप्पन्न, आणि अंगणात उड्या!

२ एप्रिल, बुधवार

चार फेऱ्या झाल्या. लॅबमधून चारला सुटते, दवाखान्यातून सुटणाऱ्यांना घरी पोचवते. माणसं थकलेली असतात पण गप्पा काय मारतात! शिंपीणबाईंनी आज आरशातून माझ्याकडे बघून सांगितलं, खांदे आवळून बसू नका, बाहीत झोल पडतो. खांदे सोडले. गाडी खरंच हलकी झाली.

घरी येऊन मी शिट्टी वाजवत होते. माझं मलाच कळलं नाही. हे वर्तमानपत्राआडून बघत होते.

९ एप्रिल, बुधवार

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. डोळ्यांची तपासणी दोन आठवडे पुढे ढकलली! का, तर "घाई काय आहे?" मी चिडले. टॅक्सीने नेते म्हटलं, नको. लेक सुट्टी काढून येते म्हणाली, नको. दृष्टी जाईल ती जाईल, हट्ट जायचा नाही! डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, औषधाचे थेंब चुकवू नका, दोन आठवड्यांनी बिघडत नाही. थेंब मीच घालते, रोज दोनदा. मान वर करून लहान मुलासारखे बसतात तेव्हा रागावताही येत नाही.

आणि जेवताना मध्येच, काही संबंध नसताना — "उतारावर ब्रेक एकदम दाबायचा नाही. हळूहळू दाबला की बॅटरी भरते." म्हटलं, हे आता कशाला? "काही नाही. आठवलं."

बिचारे. अजून गाडीतच जीव अडकलाय.

(ब्रेकचं मात्र खरं आहे. आज करून बघितलं.)

१८ एप्रिल, शुक्रवार

दहावी फेरी झाली! उतरताना मिस्त्री म्हणाला, "मंगळवारपासून मी नाही शेजारी. मला झोपा काढायची सवय लागली तुमच्या गाडीत." ह्याहून मोठं प्रमाणपत्र नको मला.

आता ह्यांना सांगायलाच हवं. उद्या सांगते.

२० एप्रिल, रविवार

सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. दोनदा "चहा घेणार का?" विचारलं.

२२ एप्रिल, मंगळवार

आज रजा घेऊन पहिली एकटीची फेरी. मॅडमनी यादी हातात दिली. पहिल्या शिंपीणबाई. दुसरं नाव वाचलं, पुन्हा वाचलं — ह्यांचं! डोळ्यांची तपासणी, सकाळी दहा. पत्ता आमचाच!

"मॅडम, ह्यांना माहीत नाहीये हो!" म्हटलं.

मॅडम हसायला लागल्या. "महिना होत आला त्यांच्या फोनला. इस्त्रीच्या ब्लाऊजवाल्या आजींनी तुमच्या शेजारणीला सांगितलं, शेजारणीने त्यांना. मला म्हणाले, 'तिला कळू देऊ नका. तिच्या दहा फेऱ्या पुऱ्या होऊ द्यात, मी थांबतो. ती चालवणार असेल तरच मी गाडीत बसेन.'"