पाशाला शेगडीपासून जप

नादोर, ६ एप्रिल १९८७

ती. यामनाताईस,
इत्तोचा सलाम वि. वि.

सुखरूप पोचले. सुईणीचं शिक्षण सहा महिन्यांचं आहे, पण इथल्या मोठ्या बाईंचा चेहरा पाहता सहा वर्षांचं वाटतंय. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं की खोलीत मांजर, पोपट काही सापडलं तर मुलीसकट बाहेर काढीन. सरड्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, कारण मुली सरडा पाळतात हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. म्हणून पाशा तुझ्या पदरात टाकलाय.

तू नाक मुरडलंस ते मी पाहिलं होतं. पण एक आठवडा त्याच्याशेजारी बसून तर बघ. पाऊल उचलायचं, हवेत धरून विचार करायचा, मग टेकवायचं. एक डोळा माशीवर, दुसरा तुझ्यावर. ओरडत नाही, ओरबाडत नाही, रुसत नाही. सकाळी त्याला अंगणातल्या लिंबावर सोड आणि पानांवर पाण्याचा हबका मार. वाटीतलं पाणी तो पीत नाही, थेंब चाटतो. नखरे आहेत, पण एवढेच.

आणि शेजारच्या लल्ला तामूला त्याच्याजवळ फिरकू देऊ नकोस. नवऱ्याचा संशय आलेल्या बाया तिच्याकडे जातात आणि ती जिवंत सरडा निखाऱ्यावर टाकते. फुटला तर नवरा खोटा, निमूट जळला तर खरा. असे दोन गेलेले मला ठाऊक आहेत. माझा पाशा कुणाच्या नवऱ्याचा साक्षीदार नाही. तुझ्या भरवशावर ठेवलाय.

कळावे. लोभ आहेच, त्यातला थोडा पाशाकडे वळव.
तुझी इत्तो


सफ्रू, २७ एप्रिल १९८७

चि. इत्तोस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पाशा ठणठणीत आहे, माझंच डोकं ठिकाणावर नाही. काल त्याच्याशी बोलत बोलत मसूर निवडत होते, तर सगळे खडे भांड्यात आणि मसूर कचऱ्यात. आता त्याला लिंबावरून आत आणते तेव्हा तो आपणहून माझ्या मनगटावर चढतो आणि खांद्यापर्यंत येतो. पंजे गार असतात. पहिल्यांदा किंचाळले होते, हे कुणाला सांगू नकोस. सकाळी काळपट असतो, ऊन लागलं की पोपटी होतो. हे एवढं बघण्यात माझी अर्धी सकाळ जाते. लग्नाला आठ वर्षं झाली, घरात मूल नाही, ह्यांचा ट्रक सदा रस्त्यावर. कुणीतरी माझी वाट बघत बसलेलं असावं, मग ते सरडं का असेना!

लल्ला तामू दोनदा डोकावून गेली. मी झाडू हातात घेऊनच दारात उभी राहिले.

एक विचारायचं होतं. हे सांगतात की नादोरला बंदरावर माल उतरवायला चार-चार दिवस रांगेत थांबावं लागतं. खरंच तसं असतं का गं? तू तिथेच आहेस म्हणून विचारलं. ह्यांच्याबरोबर तुला लोणी आणि ऑलिव्ह पाठवले आहेत. एकटीच खाऊ नकोस.

तब्येतीला जप. पाशाचा आणि माझा लोभ आहे, तो घेत जा.
तुझी यामना


सफ्रू, ४ जून १९८७

चि. इत्तोस,
आशीर्वाद.

ईद झाली. तुझं रमजानमधलं पत्र मी तीनदा वाचलं. बाईंच्या तक्रारी आहेत, रोजा सोडायच्या हरीरा सुपात मीठ कमी पडलं ते आहे, लोणी पोचल्याचं आहे. मी विचारलं होतं त्याचं उत्तर नाही.

हे ईदला आले नाहीत. मी नवा कफ्तान घालून, मिठाईचं ताट झाकून बसले. तिसऱ्या दिवशी आले ते ट्रक बिघडला म्हणत. कपड्यांना कसलासा गोड वास होता, लहान मुलांना लावतात तसल्या तेलाचा. ते अंगणात धुताना मला रडू आलं. लल्ला तामूला तेवढं पुरलं. ती म्हणाली की घरात सरडा असताना जी बाई रडत बसते ती मूर्खच म्हणायची.

इत्तो, मला ते करायचं नाही. तू डोळ्यांनी बघतेस तिथलं. जे असेल ते लिही, मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवीन.

यामना


नादोर, १३ जून १९८७

ती. यामनाताईस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं. ट्रकांची रांग मी स्वतः पाहिली आहे, ती पार मशिदीच्या वळणापर्यंत असते. ईदच्या दिवशी भाऊजी बिचारे ट्रकखाली आडवे होऊन इंजिन दुरुस्त करत होते, मी त्यांना चहा नेऊन दिला. आईची शपथ, भाऊजींसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. तेलाचा वास माझ्या हातांचा असेल, आम्ही दिवसभर बाळांना तेल चोळतो. तू उगाच जिवाला लावून घेतेस. इथे परीक्षा जवळ आली आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

लोभ असू दे, आणि मन शांत ठेव.
तुझी इत्तो


सफ्रू, २४ जून १९८७

चि. इत्तोस,
आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. सोमवारी दुपारी लल्ला तामूची शेगडी आमच्या अंगणात आली. तुझा शब्द पुरायला हवा होता, पण मनातली पाल गप्प बसेना. पाशा फुटला नाही. निमूट जळला. तामू म्हणाली, मुबारक, तुझा नवरा सोन्यासारखा आहे. आता मला शांत झोप लागते. तुला दुसरा सरडा आणून देईन, बाजारात मुलं घेऊन बसतात. ताईवर रागावू नकोस.

यामना


नादोर, १ जुलै १९८७

यामना,

तुला ताई म्हणायची इच्छा उरलेली नाही. दोन वर्षं मी त्याला तळहातावर वाढवला. माणसाच्या हाताला तो भीत नव्हता, म्हणूनच तुला सोपं गेलं असेल. मी तुला एकच गोष्ट सांगितली होती. एकच! दुसरा सरडा आणशील म्हणे.

आणि कशासाठी जाळलास? ज्याच्यासाठी जाळलास तो तुझा नवरा बूश्ता सोन्यासारखा नाही. ईदच्या सकाळी बूश्ताला इथे मुलगा झाला, आमच्याच प्रसूतिगृहात. पहिली आंघोळ मी घातली. मुलाच्या आईशी त्याचा दोन वर्षांचा संसार आहे, बाजारामागे घर आहे. रांगबिंग काही नसते. एप्रिलमध्येच मी त्याला तिच्याबरोबर तपासणीला आलेला पाहिला होता. त्याने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, रडला, आणि म्हणाला की यामनाला कळलं तर ती जगणार नाही. म्हणून मी गप्प बसले. आता कशाला गप्प बसू? तामूची आग खोटी आणि तूही खोटी. मला विश्वासात घेऊन फसवलंस.

इत्तो


सफ्रू, ८ जुलै १९८७

इत्तो,

पाशा जिवंत आहे. आत्ता लिंबावर बसून नाकतोडा चावतोय.

शेगडी खरंच आली होती, निखारे फुलले होते. मी त्याला उचलला तर त्याने माझं बोट धरलं, आणि ते सोडवायला माझा हात धजेना. तामूला शेगडीसकट परत पाठवलं. मग तुझं जूनचं पत्र पुन्हा काढलं. पहिल्यांदाच तू पाशाची चौकशी केली नव्हतीस, उलट आईची शपथ घेतली होतीस. तू काहीतरी लपवतेस हे तेव्हाच कळलं. खरं बाहेर यावं म्हणून तुला तो जळाल्याचं लिहिलं. खोटं लिहिलं, हे मान्य आहे.

बूश्ताचं मी बघून घेईन. त्याचं सामान दारात काढून ठेवलंय, मामांनाही बोलावलंय. त्याने फसवलं ते मी रडून सोसेन, कारण माझ्या मनाने ते आधीच ओळखलं होतं. तुझं मात्र सोसवत नाही. मी तुझ्याकडे पदर पसरला, दोनदा विचारलं, तेव्हा तुझं तोंड उघडलं नाही. मी ताटावर बसून वाट बघत होते त्याच सकाळी तू त्याचं मूल न्हाऊ घालत होतीस, आणि मला लिहितेस, हसू आलं. सरडा जळाला म्हटल्यावर मात्र एका पत्रात सगळं बाहेर पडलं. मी जगणार नाही म्हणून गप्प बसलीस ना? मग सरड्यासाठी बोलताना मी जगेन की नाही हे मनात आलं नाही?

पाशा इथे सुखात आहे. त्याला मी परत देणार नाही. न्यायला येऊ नकोस.

कळावे.
यामना