उंच केलेली जीप

१ मार्च, रविवार
जीप आली. शिरडहून हिंगोलीपर्यंत तिनं कुरकुर केली नाही, मीच दोनदा चुकीचा गिअर टाकला. सलीमच्या शेडमध्ये लावली. सलीम शाळेपासूनचा दोस्त, ट्रॉल्या वेल्डिंग करतो. जीपला त्यानंही कधी हात लावलेला नाही, म्हणजे दोघं सारखेच.

लग्न होऊन अकरा वर्षं झाली, सासऱ्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं. चावी हातात ठेवून मामा म्हणाले, "मला आता बराबर दिसत न्हाई. पोरगं न्हाई, तुमीच. गाडी तुमची. फकस्त पेरणीच्या टायमाला एकदा वावर दाखवून आना." वावर ओढ्यापलीकडं. पाऊस पडला की तिकडं मोटारसायकल जात नाही, आणि मामांचा गुडघा तसाही मोटारसायकलवर बसण्यातला राहिला नाही. बैल विकले. आता जीप हाच रस्ता.

म्हटलं, मामा, दर आठवड्याला नेतो. काय जातंय बोलायला.

८ मार्च
चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की व्हिडिओ. वाळवंटातला एक माणूस आहे, त्याची गाडी डोंगर चढते, वर थांबून तो चहा करून पितो. सलीमला दाखवला. त्याचे डोळे चमकले. ठरलं, गाडी उंच करायची, टायर रुंद टाकायचे.

शीतल म्हणाली, "हिंगोलीत वाळवंट कुठं हाय?"
कयाधूचं पात्र उन्हाळ्यात तेच असतं, म्हटलं. हसली. तेव्हा हसली.

२२ मार्च
मागचे दोन्ही बाक काढले. सलीमनं दोनदा विचारलं, पक्का? मी म्हटलं, काप. चढायची लोखंडी पायरी रुंद टायरांना आडवी येत होती, तीपण कापली. धरायचा दांडा मीच कटरनं कापला, पहिल्यांदाच कटर धरला होता, मजा आली. पुढच्या सीटा बदलल्या. आता माणूस बसला की कमरेपर्यंत आत जातो.

सगळं भंगारात गेलं. रात्री हाताला लोखंडाचा वास, झोप छान लागली.

५ एप्रिल
स्प्रिंगचे पाटे आणि एक्सलच्या मधे लोखंडी ठोकळे घातले, जीप उचलली. मडगार्ड कापून टायर बसवले. रंग काळा मारला. पुढं जाड चॅनलचा बंपर. तो लावताना नंबरप्लेट निघाली ती परत लावायची राहिली. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी टपाच्या वर काढली. ती बोअरवेलच्या पाइपाची आहे. टप मात्र आता नाही, तो बाकांसोबतच काढला.

चाळीसच्या पुढं गेलं की सगळी गाडी थडथडते. ब्रेकचा पाइप ताणून उभा आहे, सलीम म्हणे बदलू. स्टेअरिंग एकीकडं ओढतं. पण उभी काय दिसते. दुकानाबाहेर लावली तर चष्म्याला आलेली माणसं आधी तिच्यासोबत फोटो काढत होती. मी काउंटरवरून बघत होतो, लय भारी वाटत होतं.

१२ एप्रिल
लिहू का नको. लिहितो.

औंढ्याच्या रोडला सलीमच्या एका गिऱ्हाइकाचा ऊस आहे. नुकतंच पाणी दिलेलं. म्हटलं, चिखलात बघू फोर व्हील. लिव्हर ओढला, आत घातली. आपली काळी माती. रुंद टायरांनी तिचा लगदा असा उचलला आणि मडगार्डात असा कोंबला की चाकं फिरायचीच थांबली. चारही. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. मी आणखी रेस दिली. मग इंजिनपण बंद.

वाळवंटातल्या माणसाच्या मातीत आणि आपल्या मातीत फरक आहे, हे पोराटोरांना कळतं. पावसात चप्पल घालून वावरात गेलेल्या कुणालाही कळतं. मी शिरडचा जावई, बाप जन्मभर शेतीत गेलेला, मला कळलं नाही.

बांधापलीकडं हळद शिजवत होते. बायका कढई सोडून बघायला आल्या. एकजण म्हणाली, "पाहुणं, खालून ढकलू का वरून वढू?" सगळ्या हसल्या. मीपण हसलो, तोंड कसंतरीच झालं असणार. हातानं, खुरप्यानं चिखल काढला. ट्रॅक्टर आला, त्यानं ओढून काढली. कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं.

१४ एप्रिल
व्हिडिओ फिरतोय. त्यात मी खुरप्यानं टायर उकरतोय आणि मागून आवाज, "हळद काढून राहिले का साहेब?" दुकानात दोघांनी दाखवला. एकाला नंबर चुकीचा सांगून चष्मा दिला, परत बोलवावं लागलं.

१९ एप्रिल
शीतल पहिल्यांदा शेडमध्ये आली. जीपभोवती एक फेरी मारली. पदर सावरून चढायला बघितलं, पाय पोचेना. मी हात दिला, तिनं घेतला नाही.

"बाबा कुठून चढनार?"
मी बंपर पुसायला लागलो.
"आन बसनार कुठं? त्या खड्ड्यासारख्या सीटीत का नळीवर?"

ती बसनं घरी गेली. खरं सांगायचं तर बाक कापताना हे मनात आलं होतं. आलं होतं. मी म्हटलं होतं, नंतर बघू. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

३ मे
मामांचा फोन. अधिक महिना लागतोय, धोंड्याला या. "गाडी घेऊनच या." मी म्हटलं, एक पार्ट यायचाय मामा, नागपूरहून. नागपूर कुठून सुचलं कोण जाणे. ते म्हणाले, "सावकास करा. घाई न्हाई. पेरनीला लय टाइम हाय." फोन ठेवल्यावर शीतल भाकरी थापतच म्हणाली, "नागपूर?" बस्स, एवढंच.

२४ मे, रविवार
शिरड. धोंडा. बसनं गेलो.

मामी पहाटेपासून पुरण वाटत होत्या. पाट मांडला, रांगोळी. आम्हां दोघांना बसवलं. मामा ताम्हण घेऊन पुढं. गुडघा वाकत नाही, भिंतीला हात लावून खाली बसले, बसताना तोंडातून आवाज आला तो त्यांनी खोकल्यात घातला. माझे पाय ताम्हणात घेतले.

मी म्हटलं, मामा, राहू द्या, खरंच राहू द्या.
"असं म्हनू नये. या महिन्यात जावई नारायन असतो."

पाय धुतले. पंच्यानं पुसले, बोटांच्या मधेसुद्धा. माझ्या नखात अजून सलीमच्या शेडचं काळं ऑइल होतं, ते निघेना म्हणून त्यांनी परत चोळलं. अनारसे, दिवा, नवे कपडे. मी वर बघितलंच नाही. जेवताना पुरणाचा धोंडा ताटातच चिवडत राहिलो तर मामी म्हणाल्या, गोड कमी झालं का.

जीपचं कुणी विचारलं नाही. मामा पावसाचं बोलले, हळदीच्या बेण्याचं बोलले, जीपचं नाही. मी मनात म्हणत होतो, विचारा. एकदा शिव्या द्या. पण जावयाला कुणी बोलत नसतं आमच्याकडं. मला वाटायचं हा मान आहे.

परतीच्या बसमधे शीतल बोलली. आईनं चुलीपाशी सांगितलं तिला. शेजारच्या दत्तरावांनी तो व्हिडिओ पारावर चार माणसांत मामांना दाखवला होता. "तुमची जीप दिसती, आन तुमचे जावई." मामांनी मोबाइल हातात घेऊन, चष्मा सारखा करून, नीट बघितला. मग म्हणाले, "न्हाई. आपली हिरवी हाय. तिला बाक हायेत. आन ह्यो माझा जावई न्हाई, तसलाच दिसतो कुनी."

तीस वर्षं चालवलेली गाडी. मीच बनवून दिलेल्या चष्म्यातून बघितली. औंढा येईपर्यंत शीतल खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी माझ्या धुतलेल्या पायांकडं.

३१ मे
सलीमला म्हटलं, खाली आण. "काय?" गाडी खाली आण. तो म्हणाला, "यार, तूच म्हनला होता." व्हय, मीच. भांडायला कुणी सापडलं तर बरं वाटलं असतं, पण तो बिचारा लगेच जॅक घेऊन आला.

ठोकळे काढले. पाट्याचा बोल्ट अडकला, दोघं लटकलो तेव्हा निघाला. थडथड बरीच कमी. ब्रेकचा पाइप नवा.

७ जून
भंगारवाल्याकडं गेलो, बाक विचारायला. तो माझ्याकडं बघत राहिला. केव्हाच गेले म्हणे, वितळलेही असतील. दुसरे लाकडी करून घेतले, वर गादी. जुन्या मापाचे टायर टाकले. कापलेले मडगार्ड तसेच, त्यांना पत्रा जोडला, ठिगळ दिसतं. पायरी नवी केली. दांडा मीच वेल्ड केला, वाकडा बसला, तोडून परत केला. तरी थोडा वाकडाच.

१४ जून
सलीमच्या अम्मींना बसवून बघितलं, त्यांचेही गुडघे गेलेत. एक पाय पायरीवर, हात दांड्याला, दोन वेळा मागं आल्या, तिसऱ्यांदा बसल्या. शेडभर एक चक्कर मारली.
"किसके वास्ते कर रहे बाबा?"
सासऱ्यांसाठी.
"अच्छा है. फिर पहले उखाडे कायकू?"
सलीम उगाच पाने-पक्कड शोधायला लागला.

हिरवा रंग मारून घेतला. तोच मिळाला नाही, थोडा गडद आहे. नंबरप्लेट लावली. नळी काढली, सलीमच्या शेडची पन्हाळ झाली तिची.

२१ जून, रविवार
पाऊस झाला. शिरडला पेरणीजोगा वाफसा आलाय म्हणे. मामांना फोन केला. म्हटलं, जीप तयार आहे, बाक बसवलेत, तुम्हाला चढता येईल. येऊ का?

 मामीचा मागून आवाज, काय म्हनतेत, काय म्हनतेत. मग मामा म्हणाले, "यंदा ऱ्हाऊ द्या. वावर काय पळून चाललंय व्हय. पुढच्या साली बघू."

मला वाटलं रागावले. बरं वाटलं चक्क, म्हटलं आता तरी बोलतील. पण राग नव्हताच आवाजात. उलट मलाच विचारत होते, दुकान कसं चाललंय, तुमी दमत असाल.

रात्री शीतलला सांगितलं. ती म्हणाली, "गाडी गल्लीत गेली की दत्तराव बघनार. पत्रा जोडलेला दिसतो. तुमी दिसता. बाबांनी चार माणसांत सांगितलंय, ती आपली न्हाई म्हणून."

म्हणजे मी गाडी नीट केली आणि ती आता त्यांच्या दारात उभी करता येत नाही. मामा आयुष्यात कधी खोटं बोलले असतील असं मला वाटत नाही. एकदा बोलले, माझ्यासाठी, आणि त्या एकाच खोट्यासाठी आता वावराकडं पाठ करून बसलेत.

२४ जून
दुकानात लक्ष नाही. ठरवलं, पारावर जायचं, दत्तरावांपुढं उभं राहून सांगायचं, तो मीच होतो, गाडी हीच. मग वाटलं, त्यानं माझं मन हलकं होईल. मामा मात्र खोटे ठरतील, तेही जावयाच्या तोंडून. शीतलला विचारलं. "मला नका विचारू," म्हणाली. "कापताना विचारलं होतं का?"

बरोबर आहे.

२७ जून, शनिवार
दुकान बंद करत होतो, मामांचा फोन. त्यांनी स्वतः लावलेला, एरवी मामी लावून देतात. आवाज हळू, बाहेर कुठंतरी उभे असावेत.

"उद्या येता का पाहुनं?"
येतो म्हटलं. लगेच येतो.
"गावातून नका येऊ. फाट्यावरून पांदीच्या वाटेनं ओढ्याकडं या. मी येतो तिथवर."
मामा, ते लांब आहे. तुम्ही कसे येणार?
"चालत येतो की. काठी हाय. पहाटं निघतो, उजाडायच्या आत. कुनाला दिसत न्हाई."

मी काय म्हणायला हवं होतं ते आता दहा तऱ्हेनं सुचतंय. तेव्हा तोंडातून निघालं, "बरं मामा."

म्हणाले, "तुमाला लय तकलीफ दिली."

डिझेल भरून आणलंय. शीतल दशम्या करून ठेवतेय, विचारतेय किती वाजता निघायचं. पांदीला जायचं तर पाचला निघालं तरी चालेल. गावातून, सरळ त्यांच्या दारात जायचं तर ते काठी घेऊन निघायच्या आत पोचावं लागेल, तीनलाच निघावं लागेल. ती कणीक मळता मळता थांबून उभी आहे आणि मी अजून सांगितलेलं नाही.